दाटलेलं बेट फोडताना: केव्हा, कसं आणि किती

डे लिली, शेवंती, अगापँथस, कर्दळ अशी वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारी झाडं पहिली दोन-तीन वर्षं भरभरून फुलतात आणि मग हळूहळू मंदावतात. बेट, म्हणजे एका रोपाच्या फुटव्यांचा पसरलेला झुपका, रुंद झालेलं असतं, पानंही दाट दिसतात, पण फुलं कमी येतात आणि आलेली लहान असतात. अशा वेळी बहुतेकांचा हात खताकडे जातो. खताने पानं आणखी माजतात, फुलांमध्ये काही फरक पडत नाही, कारण अडचण जमिनीखाली असते. एका रोपासाठी ठेवलेल्या जागेत आता वीस-तीस फुटवे पाण्यासाठी आणि अन्नासाठी एकमेकांशी झगडत असतात. बेट उकरायचं, फोडायचं आणि त्यातले जोमदार तुकडे सुधारलेल्या मातीत मोकळे लावायचे, हाच त्यावरचा खरा इलाज.

यात नवी रोपं मिळतात हा वरचा फायदा, आणि ती हुबेहूब मूळ झाडासारखी निघतात. संकरित डे लिलीचं बी पेरलं तर फूल कोणत्या रंगाचं येईल याची खात्री नसते. पिवळ्या किनारीच्या स्नेक प्लांटचं पान तुकडे करून रुजवलं तर नवी रोपं साध्या हिरव्या पानांची येतात. गड्डा, म्हणजे बेटाचा मुळांसकटचा गोळा, फोडून वेगळा केलेला फुटवा मात्र किनारीसकट येतो.

बेट दाटलंय हे कसं ओळखायचं

सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे मधोमध पडलेलं टक्कल. बेट बाहेरच्या बाजूने वाढतं, नवे फुटवे कडेला येतात, आणि मधला सगळ्यात जुना भाग लाकडासारखा कडक होऊन मरत जातो. वरून पाहिलं तर हिरवं कडं आणि मध्ये उघडी माती दिसते. शोभेच्या गवतांत, ॲस्टरमध्ये आणि दाढीवाल्या (पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसमध्ये हे चटकन लक्षात येतं.

बाकीच्या खुणा जरा बारकाईने पाहाव्या लागतात. फुलांचे दांडे पूर्वीपेक्षा आखूड आणि बारीक होतात. पूर्वी ताठ उभं राहणारं झाड मधूनच फाकून चहूबाजूंना लोळतं. पाणी दिलं की ते मुरायच्या आधीच बेटाच्या कडेने वाहून जातं, कारण आत मुळांचा गच्च थर झालेला असतो. कंदवर्गीय झाडांत कंद एकमेकांना ढकलत जमिनीच्या वर येतात. कुंडीत असेल तर मुळं खालच्या भोकातून डोकावतात, प्लॅस्टिकची कुंडी फुगते, मातीची कधी कधी तडकतेही.

ढोबळ अंदाज हवा असेल तर असा: शेवंती आणि ॲस्टर दोन-तीन वर्षांनी, आयरिस आणि डे लिली तीन ते पाच वर्षांनी, अगापँथस चार-पाच वर्षांनी. पण मी वर्षं मोजण्यापेक्षा झाडाकडे बघून ठरवावं याच मताची आहे. झाड ताठ उभं आहे, नेहमीसारखं फुलतंय, मधला भाग भरलेला आहे, तर ते कितीही जुनं असो, त्याला हात लावायचं कारण नाही.

वेळ कोणती

नियम एका वाक्यात मावतो: झाड फुलत असताना फोडू नका, फुलण्याच्या हंगामापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी झाडं फुलं संपल्यावर किंवा त्यानंतरच्या शरदात फोडायची. उन्हाळ्याच्या अखेरीला आणि शरदात फुलणारी, म्हणजे शेवंती, ॲस्टर आणि उशिरा बहरणारी शोभेची गवतं, वसंताच्या तोंडावर नवे कोंब दोन-चार इंच वर आले की फोडायची.

यामागचं कारण समजलं की तारखा पाठ कराव्या लागत नाहीत. गड्डा फोडताना बरीचशी बारीक मुळं तुटतात, आणि पाणी शोषून घेण्याचं मुख्य काम तीच करतात. ती नव्याने फुटायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात झाडाला फुलंही पोसायची असतील किंवा कडक उन्हात पानांतून उडणारं पाणी भरून काढायचं असेल तर ते टिकत नाही. म्हणून मुळांना निवांत चार-सहा आठवडे कधी मिळतील, तेवढं बघायचं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे गोठण्याआधी निदान इतके आठवडे हातात हवेत, नाहीतर मुळं न धरलेलं रोप गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यात मातीतून वर उचललं जातं. जिथे बर्फ नाही पण उन्हाळा भाजून काढतो, तिथे ऐन उन्हाळा टाळून पावसाच्या सुरुवातीला किंवा ऊन उतरल्यावर हे काम करावं. फक्त मुसळधार पावसाचे दिवस नकोत, ताज्या कापांमध्ये पाणी साचलं की कूज लागते.

काही झाडांचं स्वतःचं वेळापत्रक असतं. दाढीवालं आयरिस फुलं संपल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी फोडतात, कारण तेव्हा त्याची जुनी मुळं गळून नवी फुटत असतात. पिओनी फक्त शरदाच्या सुरुवातीला. होस्टा वसंतात कोंब टोकदार, न उलगडलेले असताना, कारण तेव्हा सुरी कुठे घालायची ते दिसतं आणि पानं फाटत नाहीत. निशिगंधाचे कंद पानं पिवळी पडून वाळल्यावर काढायचे. डे लिली इतकी सोशीक आहे की कडाक्याची थंडी आणि रखरखीत ऊन सोडलं तर तिला केव्हाही चालतं.

आधीची तयारी

आदल्या दिवशी बेटाला खोलवर पाणी द्या. पाणी प्यालेलं झाड फोडणं चांगलं सोसतं आणि ओलसर माती ढेकळासकट उचलता येते. माती चिखल होईल इतकं मात्र नको.

नवी जागा बेट उकरायच्या आधी तयार हवी. हे काम लोक हमखास उलट्या क्रमाने करतात. गड्डा उकरून, फोडून उन्हात ठेवायचा आणि मग खड्डे खणायला लागायचं, तोवर अर्ध्या तासात बारीक मुळं वाळून दोऱ्यासारखी होतात. तेव्हा खड्डे आधी खणा, माती कुदळीने मोकळी करा, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा, पाणी नीट निचरतंय का ते बघा. ताजं शेण नको, त्याने नवी मुळं जळतात.

हत्यारं धारदार हवीत. बोथट सुरी मुळं कापत नाही, चेचते, आणि चेचलेला भाग आधी कुजतो. कुदळ किंवा फावडं, गार्डन फोर्क (लांब दात्यांचा काटा), जुनी दात्यांची सुरी आणि लाकडी झालेल्या गड्ड्यांसाठी हातकरवत एवढ्यात बहुतेक काम निभावतं. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलने पुसा. जे झाड रोगट वाटतंय ते फोडूच नका. कर्दळीच्या पानांवर शिरांच्या मधून पिवळे पट्टे किंवा होस्टाच्या पानांवर शिरांच्या कडेने विचित्र रंग फुटलेले दिसले तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी, आणि तो रसातून, हत्याराच्या पात्यावरून पसरतो. त्याला औषध नाही. असं झाड मुळासकट काढून टाकायचं, कंपोस्टच्या ढिगातही घालायचं नाही.

हातमोजे घाला. अगापँथस आणि आयरिसच्या रसाने काहींच्या त्वचेची आग होते, पीस लिलीच्या रसाने खाज सुटते.

पानं किती छाटायची? उंच, मऊ पानांच्या झाडांची निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त. मुळं कमी झाली तर पानंही त्या हिशेबात कमी हवीत, एवढंच त्यामागचं गणित आहे. वसंतात नुकते कोंब फुटत असताना फोडत असाल तर छाटायची गरज नाही.

गड्डा उकरणं

बेटाच्या कडेपासून दहा-पंधरा सेंटिमीटर बाहेर फावडं सरळ खाली घालत गोल फिरा. सगळ्या बाजूंनी मुळं कापली गेली की फोर्क तिरका खालून घालून थोडं थोडं उचला, एका बाजूने जोर लावू नका. पानांना धरून ओढायचा मोह टाळा, पानं हातात येतात आणि गड्डा जागच्या जागी राहतो. फार मोठं बेट एका माणसाला उचलत नाही, अशा वेळी जमिनीत असतानाच फावड्याने त्याचे चार भाग करा आणि एकेक काढा.

बाहेर काढलेला गड्डा सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा. माती झटका, मग पाईपच्या हलक्या धारेने धुऊन काढा. हे धुणं वेळखाऊ वाटतं, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माती गेल्यावरच दिसतं की कुठला फुटवा स्वतःच्या मुळांवर उभा आहे आणि कुठला नुसता दुसऱ्याला चिकटलाय. तेव्हाच आणखी एक गोष्ट हाती लागते: गड्ड्यात शिरलेली हरळी. तिच्या पांढऱ्या, पेरं असलेल्या, टोकाला टोचऱ्या दोऱ्या फुलझाडाच्या मुळांमधून आरपार गेलेल्या असतात. एकही पेर राहिलं तर ते नव्या जागी जाऊन पुन्हा फुटतं, म्हणून बोटांनी सोडवत ती शेवटच्या पेरापर्यंत काढा. वर्षानुवर्षं खुरपूनही न गेलेलं तण काढायची अशी संधी पुन्हा काही वर्षं मिळत नाही.

फोडणं: मुळं बघून ठरवायचं

इथे सगळ्या झाडांना एक पद्धत लागू पडत नाही. गड्डा हातात घेऊन पाहा, मुळांचा प्रकार ओळखा, मग हत्यार उचला.

तंतुमय मुळांचे सैल गड्डे हातानेच सुटतात. शेवंती, ॲस्टर यांच्या कडेला स्वतंत्र मुळं असलेले फुटवे येतात. दोन्ही अंगठे मध्ये घालून हळूच फाकवलं की ते अलग होतात. मधला जुना, काड्यांसारखा भाग फेकून द्यायचा.

डे लिलीची मुळं जाड, गाठाळ आणि एकमेकांत गुंतलेली असतात. तिथे दोन फोर्कची युक्ती कामी येते. दोन्ही फोर्क पाठीला पाठ लावून गड्ड्याच्या मध्यावर खोल खुपसा आणि दांडे एकमेकांकडे ओढा, खालचे दात विरुद्ध दिशांना सरकून गड्डा उकलतो. मुळं फाटतात, पण कापली जात नाहीत, त्यामुळे नुकसान कमी होतं. दोन भाग झाले की पुढे हाताने सोडवता येतं. एका तुकड्यात दोन-तीन पंखे, म्हणजे पानांचे जुडगे, हवेत.

होस्टासारख्या घट्ट गड्ड्यांना आणि लाकडी झालेल्या ॲस्टिल्बीला सुरी किंवा करवतच हवी. वरून कोंब बघा, दोन कोंबांच्या गटांमध्ये पातं ठेवा आणि थेट खालपर्यंत एका दमात कापा. शोभेच्या मोठ्या गवतांचे गड्डे याहून कठीण असतात, त्यांना करवत किंवा कुऱ्हाडच लागते. गवती चहा त्यामानाने सोपा, त्याचे ठोंब पिळून मुळासकट सुटे होतात.

जमिनीलगत आडवे वाढणारे कंद म्हणजे आयरिस, कर्दळ, सोनटक्का. यांत डोळे, म्हणजे नवा कोंब जिथून फुटतो त्या जागा, शोधायचे. कर्दळीच्या प्रत्येक तुकड्यावर निदान एक, शक्यतो दोन-तीन फुगीर डोळे हवेत. आयरिसचा तुकडा पानांचा एक पंखा, त्याखालचा टणक कंद आणि काही पांढरी मुळं असा असावा. बोटाने दाबून पाहा: कंद कच्च्या बटाट्यासारखा टणक लागला तर चांगला, दबला किंवा घाण वास आला तर तो भाग निरोगी मांस दिसेपर्यंत कापून टाका. पानं नसलेले मधले जुने कंद पुन्हा फुलत नाहीत, ते ठेवू नका. कापलेली बाजू सावलीत एखादा दिवस सुकू दिली तर कूज लागण्याची शक्यता कमी होते.

डेलियाचं वेगळं आहे. तिच्या कंदावर बटाट्यासारखे कुठेही डोळे नसतात. डोळा असतो तो फक्त जुन्या खोडाला कंद जिथे जोडलेला असतो, त्या मानेजवळ. म्हणून प्रत्येक कंदासोबत खोडाचा छोटा तुकडा राहिलाच पाहिजे. मान मोडलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्यातून काही फुटत नाही. डोळे दिसत नसतील तर गड्डा काही दिवस उबदार, किंचित ओलसर जागी ठेवा, ते फुगून वर येतात.

निशिगंध, स्पायडर लिली यांचे कंद हातानेच वेगळे होतात. निशिगंधाच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा की एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पुढची फुलं त्याच्या बाजूला आलेल्या कंदांवर येतात. मोठे कंद वेगळे लावा. अगदी लहान कंदांना दाट ओळीत एक-दोन हंगाम वाढू द्या.

आता किती तुकडे करायचे. शक्य आहेत तेवढे नव्हे. एकेक फुटवा सुटा केला तर रोपांची संख्या डोळ्यांत भरते, पण ती सगळी किरकोळ राहतात आणि फुलायला दोन वर्षं घेतात. तीन ते पाच जोमदार कोंब आणि मुठीएवढी मुळं असा तुकडा त्याच किंवा पुढच्या हंगामात फुलतो. एका मोठ्या बेटाचे चार-पाच तुकडे झाले की थांबावं. आणि मधला म्हातारा भाग, त्यात दोन-चार हिरवे कोंब दिसत असले तरी, जाऊ द्यावा. लोकांना सगळ्यात अवघड जातं ते हेच. जीव असलेलं टाकवत नाही, मग तो दुबळा तुकडा नव्या वाफ्यात सगळ्यात चांगली जागा अडवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच टक्कल दिसतं.

पुन्हा लावणं

खोली पूर्वीइतकीच. खोडाच्या तळाशी मातीचा जुना डाग दिसतो, ती रेघ नव्या मातीच्या पातळीला आली पाहिजे. त्याला अपवाद आहेत आणि ते चुकवून चालत नाही. दाढीवाल्या आयरिसचा कंद वरून उघडा राहायला हवा, पाठ उन्हाला आणि मुळं मातीत. जरबेराचा गाभा मातीत गाडला तर कुजतो. पिओनीचे डोळे मातीखाली अडीच ते पाच सेंटिमीटर असावेत, त्याहून खोल गेले तर झाड वर्षानुवर्षं नुसती पानं देतं. कर्दळ मात्र आठ-दहा सेंटिमीटर खोल चालते.

खड्डा मुळांच्या पसाऱ्यापेक्षा रुंद करा आणि मध्ये मातीचा छोटा उंचवटा ठेवा. गड्डा त्यावर बसवून मुळं चहूबाजूंनी उतरती पसरा, गोल गुंडाळून कोंबू नका. माती भरताना बोटांनी मुळांच्या मध्ये सारत जा आणि शेवटी तळहाताने दाबा. मुळांभोवती पोकळी राहिली तर ती तिथेच वाळतात. पानाला हलकेच ओढून बघा, गड्डा हलला तर माती अजून सैल आहे. मग झारीने भरपूर पाणी, माती खाली बसली तर वरून थोडी भर. अंतर सोडताना रोप आज केवढं आहे ते बघू नका, दोन वर्षांनी केवढं होईल ते बघा.

पहिले काही आठवडे

माती ओलसर हवी, ओलीचिंब नको. बोट दोन पेरं आत घालून पाहायचं, कोरडं लागलं तरच पाणी. दोन-तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन घाला, पण ते खोडाला चिकटू देऊ नका. आयरिसला आच्छादन नकोच. ऊन कडक असेल तर आठ-दहा दिवस शेडनेट किंवा गोणपाटाचा आडोसा पुरतो.

दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर घाबरू नका, मुळं कामाला लागायची आहेत. सकाळीही मलूलच दिसली तर मुळांशी पाहा, पाणी कमी पडतंय किंवा जास्त झालंय. रासायनिक खत नवी वाढ दिसेपर्यंत देऊ नये. लगेच फुलाचा दांडा आला तर तो खुडून टाका. जिवावर येतं, पण ती ताकद मुळांकडे गेली तर पुढचा बहर चांगला येतो.

ज्यांना फोडू नये

एकाच सोटमुळावर उभी असलेली झाडं फोडता येत नाहीत: ल्युपिन, बाप्टिशिया, जिप्सोफिला. मूळ कापलं की झाड गेलं. लॅव्हेंडर, रोझमेरीसारखी एका खोडाची, लाकडी झालेली झाडंही यातच, त्यांची छाट कलमं करा.

काहींना दाटी मानवते. क्लिव्हिया, बर्ड ऑफ पॅराडाइज ही मुळं आवळल्यावरच चांगली फुलतात आणि फोडल्यावर एक-दोन वर्षं रुसतात. अगापँथसही थोडी दाटी पसंत करतो, म्हणून फुलं खरोखर कमी झाल्याशिवाय त्याला हलवू नका. पिओनी तर एकाच जागी कित्येक दशकं सुखाने राहते. नवी रोपं हवी असतील तरच ती उकरावी, प्रत्येक तुकड्यावर तीन ते पाच डोळे ठेवावेत आणि फुलांसाठी दोन-तीन वर्षं वाट पाहायची तयारी असावी.

जागा संपूनही तुकडे उरले तर ते कुंडीत, निचऱ्याच्या मातीत लावून सावलीला ठेवा. लावलेल्यांपैकी एखादं मेलं तर तिथे लावायला ते उपयोगी पडतात. सगळी तगली तर मुळं धरल्यावर कुणालाही देता येतात. देताना जातीचं नाव आणि फुलाचा रंग लिहिलेली पट्टी सोबत खोचा, कारण फुलं नसलेल्या दोन डे लिली शेजारी ठेवल्या तर त्या ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.